लाईन व्यस्त आहे : ४८६ ची गोष्ट

शुक्रवारी संध्याकाळी सहानंतर आलेली मेल उघडू नये, हा आयटीतला पहिला धडा. दोन वर्षांपूर्वी मी तो मोडला.

मेलला एक ऑडिओ फाईल जोडलेली होती. आमची एक क्लायंट म्हणजे पॅथॉलॉजी लॅबची साखळी. त्यांच्या कस्टमर केअरला आलेल्या फोनचं ते रेकॉर्डिंग होतं. एक बाई बोलत होत्या. आवाज अजिबात चढलेला नव्हता, त्यामुळे जास्तच वाईट वाटलं. "अहो, आज माझ्या सासऱ्यांचं तेरावं आहे. घर भरलंय माणसांनी. तुमचा तो रेकॉर्डेड फोन मी सकाळपासून सहा वेळा कट केला. दर दहा मिनिटांनी परत येतोय. फोन कट केलेला तुम्हाला कळत नाही का हो?"

फोन करणारा डायलर आमचा होता. आणि न लागलेला फोन परत कधी लावायचा, हे ठरवणारा कोड माझ्या हातचा.

लॉग उघडला. त्या नंबरसमोर सहा ओळी, आणि सहाही ओळींच्या शेवटी एकच आकडा: ४८६. त्याच्या शेजारी दोन शब्द, 'बिझी हिअर'. माझ्या कोडमधला नियम सरळ होता. उचलला नाही तर दोन तासांनी परत लाव. बिझी असेल तर दहा मिनिटांनी परत लाव, कारण फोनवर बोलणारा माणूस दहा मिनिटांत मोकळा होतो. आणि समोरच्याने नकार दिला, म्हणजे ६०३ 'डिक्लाईन' आला, तर आजच्यापुरता विषय बंद. म्हणजे कट केल्यावर थांबायची सोय मी केलेली होती, बरं का. फक्त तो ६०३ कधी आलाच नाही. संपूर्ण महिन्याच्या लॉगमध्ये शोधला. हाताच्या बोटांवर मोजण्याइतके ६०३ आणि ४८६ मात्र हजारोंनी.

मग तो शनिवार-रविवार मी या आकड्यांची कुळकथा वाचण्यात घालवला. बाईंच्या प्रश्नाचं उत्तर त्या कुळकथेतच आहे, म्हणून आज तीच सांगतो.

आधी दोन मिनिटं, हे आकडे येतात कुठून. इंटरनेटवरून फोन लावायचा तर आधी दोन्ही टोकांना आपसात बोलणी करावी लागतात. प्रत्यक्ष आवाज नंतर, आणि वेगळ्या वाटेने जातो. या बोलणीच्या भाषेचं नाव सेशन इनिशिएशन प्रोटोकॉल, लाडाने 'सिप'. फोन करणारा 'इनव्हाइट' पाठवतो, म्हणजे चक्क आमंत्रण. उलट टपाली तीन आकडी उत्तरं येतात. १०० म्हणजे 'बघतो, प्रयत्न चालू आहे'. १८० म्हणजे 'तिकडे घंटी वाजतेय'. २०० म्हणजे 'उचलला'. मग फोन करणारा 'अ‍ॅक' पाठवून पोच देतो आणि बोलणं सुरू होतं. ही काही फक्त ऑफिसातल्या आयपी फोनची भानगड नाही. सप्टेंबर २०१६ मध्ये जिओ सुरू झालं ते फक्त ४जी घेऊन. त्यांच्याकडे मागे पडायला २जी-३जी नव्हतंच, त्यामुळे त्यांच्या जाळ्यातला प्रत्येक साधा कॉल पहिल्या दिवसापासून सिपवर चालला. आज तुम्ही आईला व्होल्टीवरून फोन लावता तेव्हा पडद्यामागे हेच १००, १८०, २०० चाललेलं असतं.

आता हे तीन आकडे. ते सिपचे स्वतःचे नाहीत, वारसाने आलेले आहेत. आणि या घराण्याच्या मुळाशी एक आपला माणूस सापडतो. अभय भूषण, आयआयटी कानपूरच्या अगदी पहिल्या तुकडीतला विद्यार्थी. १९६५ मध्ये पदवी घेऊन हे गृहस्थ एमआयटीत गेले आणि एप्रिल १९७१ मध्ये त्यांनी फाईल एका कॉम्प्युटरवरून दुसऱ्यावर पाठवायचे नियम लिहिले. तेच एफटीपी. आरएफसी ११४. (आरएफसी म्हणजे इंटरनेटचे नियम ज्यात लिहितात ती कागदपत्रं. नाव 'शेरे मागवत आहोत' इतकं नम्र, पण जग त्यावर चालतं.) भूषण यांच्याच १९७२ च्या आरएफसी ३५४ मध्ये तीन आकडी उत्तरं दिसतात. कल्पना साधी पण भन्नाट आहे: आकडा यंत्रासाठी, त्यापुढचा मजकूर माणसासाठी. यंत्राने आकडा बघून पुढचं पाऊल ठरवावं, माणसाने मजकूर वाचून काय झालं ते समजून घ्यावं.

सुरुवातीला त्या आकड्यांना फारशी शिस्त नव्हती. ती लावली १९७४ च्या आरएफसी ६४० ने. जॉन पोस्टेल यांचं नाव त्यावर आहे. लांब दाढीचा हा माणूस १९९८ मध्ये जाईपर्यंत सगळ्या आरएफसींचा संपादक होता. तर या ६४० ने पहिल्या आकड्याला अर्थ दिला. १ म्हणजे काम सुरू झालं, थांबा. २ म्हणजे झालं. ३ म्हणजे आतापर्यंत ठीक, पुढची माहिती द्या. आणि मग महत्त्वाचे दोन: ४ म्हणजे आत्ता होणार नाही, पुन्हा प्रयत्न करा. ५ म्हणजे होणारच नाही, पुन्हा विचारू नका.

ही ४ आणि ५ मधली रेघ मला फार आवडते. सरकारी कचेरीत 'साहेब जेवायला गेलेत' आणि 'हे काम या खात्यात होत नाही' यांत जो फरक, तोच. ऑगस्ट १९८२ मध्ये पोस्टेल यांनी ईमेलचे नियम लिहिले, एसएमटीपी, आरएफसी ८२१. त्यात ही रेघ जशीच्या तशी आली आणि आजही आहे. मेल पोचवणाऱ्या सर्व्हरला ४५० मिळाला तर तो पत्र जपून ठेवतो आणि नंतर परत प्रयत्न करतो. ५५० मिळाला तर पत्र पाठवणाऱ्याला परत करतो. शेजारचा मजकूर काय आहे, हे त्याला बघावंच लागत नाही. पहिला आकडाच सांगतो, परत जायचं की नाही.

म्हणजे माझ्या डायलरला जे हवं होतं ते १९७४ मध्येच तयार होतं! मग हरवलं कुठे?

हरवलं वेबमध्ये. टिम बर्नर्स-ली यांच्या पहिल्यावहिल्या एचटीटीपीत उत्तराचे आकडेच नव्हते. पान मागा, पान घ्या, संपलं. १९९२ च्या सर्नमधल्या मसुद्यात आकडे आले. एफटीपी आणि मेलकडून तीन आकड्यांची पद्धत उचलली, पण ४ आणि ५ चा अर्थ बदलला. आता ४ म्हणजे मागणाऱ्याची चूक आणि ५ म्हणजे देणाऱ्याची चूक. 'परत येऊ का?' या प्रश्नाच्या जागी 'चूक कोणाची?' हा प्रश्न आला. गंमत म्हणजे, चूक कोणाची हे दरवेळी ओळखता येणं शक्य नाही, त्यामुळे हा फरक फक्त माहितीपुरता समजावा, अशी कबुली त्या मसुद्यातच दिलेली आहे. पण एकदा आकडा छापला की कबुली कोण वाचतो? वेबपानांच्या बाबतीत याने फार बिघडलं नाही. पान सापडलं नाही तर माणूस समोर बसलेला असतो, त्याला वाटलं तर तो रिफ्रेश दाबेल. (४०४ हा सर्नमधल्या एका खोलीचा नंबर होता ही कथा तुम्हीही फॉरवर्डमध्ये वाचली असेल. ती थाप आहे. बर्नर्स-ली यांचे सहकारी रॉबर्ट कायो यांनीच ती फेटाळली होती.)

आता फोनकडे येऊ. १९९० च्या दशकात इंटरनेटवर 'एमबोन' नावाचं एक जाळं होतं. एकाच वेळी अनेकांना आवाज-चित्र पाठवायचं जाळं, संशोधकांच्या सभा त्यावरून ऐकता यायच्या. सभा चालू आहे, पण अमुक माणसाला तिथे बोलवायचं कसं, एवढाच मूळ प्रश्न होता. फोनचा धंदा मोडायला कोणी निघालं नव्हतं. १९९६ च्या सुरुवातीला यावर दोन वेगवेगळी उत्तरं पुढे आली. मार्क हँडली आणि ईव्ह स्कूलर यांचं 'सेशन इन्व्हिटेशन प्रोटोकॉल', आणि हेनिंग शुल्झरिन यांचं 'सिंपल कॉन्फरन्स इन्व्हिटेशन प्रोटोकॉल'. पहिलं होतं हलकं, यूडीपीवरून एक पुडकं टाकून मोकळं होणारं. दुसरं टीसीपीवर, ईमेलसारखे पत्ते वापरणारं आणि वेबच्या एचटीटीपीवर बेतलेलं. दोन स्थळं चांगली असली की घरात वाद होतात. इथे मात्र दोघांचं लग्नच लावून दिलं :-) त्याच वर्षी दोन्ही मसुदे एकत्र झाले. नावातलं 'इन्व्हिटेशन' जाऊन 'इनिशिएशन' आलं, पण आद्याक्षरं तीच राहिली. मार्च १९९९ मध्ये ते आरएफसी २५४३ म्हणून प्रसिद्ध झालं. तोवर बेल लॅब्जचे जोनाथन रोझेनबर्ग चौथे लेखक म्हणून आले होते. जून २००२ मध्ये ते सगळं नव्याने लिहून आरएफसी ३२६१ झालं, तेच आजही मूळ पोथी आहे.

सिपने आकडे घेतले ते शुल्झरिन यांच्या बाजूने, म्हणजे वेबचे. ४०१, ४०३, ४०४ जसेच्या तसे. वेबमध्ये 'पैसे भरा' म्हणून राखून ठेवलेला ४०२ सुद्धा घेतला आणि इथेही तो नुसता राखूनच ठेवला. पण वेबपान कधी 'बिझी' नसतं, त्याची घंटी वाजत नाही, ते फोन कट करत नाही. फोनच्या या खास परिस्थितींसाठी नवे आकडे लागणार होते. पुढेमागे वेबवाल्यांनी तेच आकडे दुसऱ्या अर्थाने वापरले तर पंचाईत, म्हणून ठरलं की सिपचे स्वतःचे आकडे प्रत्येक शेकड्यात ८० पासून सुरू करायचे. १८० घंटी, ३८० दुसरी सेवा वापरा, ४८० सध्या उपलब्ध नाही, ४८४ नंबर अर्धवट आहे, ४८६ बिझी. ४८६ हा असा विचित्र आकडा का, याचं उत्तर हे. शेजाऱ्याच्या हद्दीपासून अंतर सोडून बांधलेली भिंत.

आणि वेबचा शेकडा घेतला म्हणून वेबचा अर्थही चिकटला. ४ ने सुरू होणारे सगळे आकडे आरएफसीत 'क्लायंट एरर' या मथळ्याखाली आहेत. म्हणजे समोरचा माणूस दुसऱ्या फोनवर बोलतोय ही फोन करणाऱ्याची चूक! पोस्टेल यांच्या जुन्या रेघेने बघितलं असतं तर 'बिझी' बिनचूक ४ मध्ये बसतं (आत्ता नाही, नंतर या) आणि 'असा नंबरच नाही' बिनचूक ५ मध्ये. सिपमध्ये दोघंही शेजारी-शेजारी: ४८६ आणि ४०४. पहिला आकडा बघून परत फोन लावायचा की नाही, हे कळायचा मार्गच बंद. प्रत्येक आकड्याचा नियम डायलर लिहिणाऱ्याने वेगळा लिहायचा. म्हणजे मी.

पण वाईटच सांगतोय असं नको. सिपच्या लेखकांनी एक खरोखर नवी गोष्ट ओळखली होती, ती 'बिझी हिअर' मधल्या 'हिअर' या शब्दात आहे. जुन्या टेलिफोनमध्ये नंबर म्हणजे तार. तार भिंतीतून येऊन हॉलमधल्या त्या एका डब्याला जोडलेली. एंगेज कोण, तर तार. आमच्या आजोळी फोन लावला की कधीकधी 'या मार्गावरील सर्व लाईन्स व्यस्त आहेत' असं ऐकू यायचं. म्हणजे व्यस्त असायचा तो मार्ग. माणसाचा संबंधच नाही, आजोबा बिचारे फोनशेजारीच बसलेले. सिपमध्ये पत्ता माणसाचा असतो आणि त्या पत्त्यामागे टेबलावरचा फोन, लॅपटॉप आणि मोबाईल असे तीन तीन डबे असू शकतात. मधला सर्व्हर, ज्याला प्रॉक्सी म्हणतात, तिन्हीकडे एकदम घंटी वाजवू शकतो. मग टेबलावरचा फोन 'इथे बिझी आहे' म्हणाला तर तेवढ्यावर थांबायचं कशाला? इतर दोन बघू.

यातूनच ६०० चा शेकडा जन्माला आला, जो वेबमध्ये नाही आणि मेलमध्येही नाही. ६ म्हणजे डबा बोलत नाही, माणूस बोलतोय. ६०० सगळीकडे बिझी. ६०४ असा माणूस कुठेच नाही. आणि ६०३ डिक्लाईन: निरोप पोचला, माणसाने बघितला आणि नको म्हटलं. एका डब्यावरून ६ चं उत्तर आलं की प्रॉक्सीने बाकीच्या घंट्या बंद करायच्या आणि शेवटी तेच उत्तर मागे पाठवायचं. नकार दिल्यावर बाकीचे डबे वाजत ठेवण्यात काय अर्थ? ६ नसेल तर मात्र तिन्ही डब्यांची उत्तरं गोळा करून त्यातलं एक निवडायचं. टेबलावरचा फोन ४८६ म्हणाला आणि लॅपटॉप ४८० म्हणाला, तर फोन करणाऱ्याला दोन्हीपैकी एकच ऐकू जाणार. बाकीची हकीकत वाटेत गळते.

म्हणजे कागदावर माझ्या बाईंच्या प्रश्नाचं उत्तर १९९९ पासून तयार आहे. कट केलेलं कळतं. ६०३ कळवतो.

मग ४८६ का आला? इथे टेलिफोनवाल्यांची गादी सुरू होते. इंटरनेटवाले आपले आकडे रचत होते तेव्हा टेलिफोन कंपन्यांच्या स्वतःच्या यादीला बरीच वर्षं झालेली होती. त्यांच्या जागतिक संघटनेच्या यादीत कॉल तुटण्याची कारणं एकेका आकड्याने दिलेली आहेत. १ म्हणजे असा नंबर कोणाला दिलेलाच नाही, १६ म्हणजे बोलणं संपलं आणि फोन ठेवला, १७ म्हणजे बिझी, २१ म्हणजे नकार, ३४ म्हणजे लाईनच मोकळी नाही (तेच ते, आजोळच्या मार्गावरचं). दोन जगं जोडायची तर दोन याद्यांचा शब्दकोश हवा. तो डिसेंबर २००२ मध्ये आरएफसी ३३९८ म्हणून आला. त्यात १ चा ४०४ होतो, १७ चा ४८६, ३४ चा ५०३. आणि माणसाने स्वतः दिलेल्या २१ चा ६०३.

तर माझ्या बाईंनी कट केल्यावर २१ यायला हवा होता. पण मोबाईलवर लाल बटण दाबल्यावर सहसा २१ जात नाही. १७ जातो. ही कोणा प्रोग्रामरची चूक नाही, ती जीएसएमच्या नियमांमध्येच आहे. तिथे बिझीचे दोन प्रकार मानले आहेत. एक 'नेटवर्कने ठरवलेला बिझी', म्हणजे खरंच दुसरा कॉल चालू आहे. आणि दुसरा 'वापरणाऱ्याने ठरवलेला बिझी', म्हणजे फोन वाजतोय, माणूस मोकळा आहे, पण त्याने ठरवलंय की मी बिझी आहे. दोन्हीचं कारण पलीकडे एकच कळवायचं. व्होल्टी आलं तेव्हा हीच रीत सिपमध्ये आली आणि कट केल्यावर फोन ४८६ पाठवू लागला.

पहिल्यांदा वाचलं तेव्हा मी वैतागलो. हे तर सरळ सरळ खोटं बोलणं झालं. मग विचार केला तर वाटलं, यात शहाणपण आहे. एक तर व्यवहार: 'बिझी असेन तेव्हा कॉल अमुक नंबरवर वळव' ही सोय लोकांनी लावलेली असते, आणि कट केल्यावर तीच चालू व्हावी अशी त्यांची अपेक्षा असते. आणि दुसरं म्हणजे, आपण सगळे तसेच वागतो. दारात नको असलेला पाहुणा आला तर आई आतून 'नकोय' म्हणत नाही, 'आंघोळीला गेलेत' म्हणते. मामाने 'तू माझा फोन कट केलास' असं म्हणू नये, 'एंगेज लागत होता' असंच म्हणावं, ही सोय लाल बटणात पन्नास जणांच्या समितीने बसवून दिली. माणसा-माणसांत हे चालतं, कारण मामा दर दहा मिनिटांनी फोन करत नाही. दोनदा एंगेज लागला की त्याला उमगतं. माझ्या डायलरला उमगत नाही. त्याच्याशी बोललेलं सभ्य खोटं तो अक्षरशः खरं धरतो आणि दहा मिनिटांचा अलार्म लावतो.

(मिस्ड कॉलचंही असंच. 'पोचलास की मिस्ड कॉल दे' यावर आपल्या देशाने कित्येक वर्षं फुकट टेलिग्राम सेवा चालवली. सिपमध्ये घंटी वाजत असताना आपण फोन ठेवला की 'कॅन्सल' जातो आणि मूळ आमंत्रणाला ४८७ 'रिक्वेस्ट टर्मिनेटेड' हे उत्तर येतं. म्हणजे हिशेबाने कॉल अयशस्वी. निरोप मात्र पोचलेला.)

रविवारी दुपारी मला वाटलं, तोडगा सापडला. खरोखर बिझी असलेल्या फोनची घंटी वाजत नाही, म्हणून १८० येतच नाही, सरळ ४८६ येतो. कट करण्यासाठी मात्र आधी घंटी वाजावी लागते: १८०, मग चार-पाच सेकंद, मग ४८६. कॉल वेटिंगवर असतानाही तेच, घंटी वाजली आणि माणसाने नको म्हटलं. म्हणजे एकटा आकडा खोटं बोलला तरी आकड्यांची ओळ खरं बोलते. १८० नंतरचा ४८६ म्हणजे माणूस! अर्ध्या तासात कोड लिहिला आणि जुन्या लॉगवर चालवून बघितला.

थोडं जमलं, बरंच नाही. कारण पुष्कळशा कॉलमध्ये १८० नव्हताच, त्याच्या जागी १८३ होता.

हा १८३ 'सेशन प्रोग्रेस' १९९९ च्या यादीत नाही, नंतर आला. त्याचं कारण जुनं टेलिफोन जाळंच. १८० आला की 'ट्रिंग ट्रिंग' हा आवाज तुमचा स्वतःचा फोन काढतो, तिकडून काही येत नाही. पण जुन्या जाळ्यात फोन उचलण्याआधीच तिकडून आवाज येऊ शकतो: त्या देशाची वेगळी घंटी, किंवा 'आपण डायल केलेला नंबर अस्तित्वात नाही' सांगणारी बाई. हा आवाज फुकट ऐकवायचा असतो, म्हणून २०० देऊन कॉल सुरू झाला असं म्हणता येत नाही. मग १८३: कॉल लागलेला नाही, पण कान उघडे ठेवा. तेव्हा डोळ्यांसमोर होत्या त्या घोषणा. पण आपल्याकडे या फटीतून कॉलर ट्यून घुसली. घंटीच्या जागी सिनेमातलं गाणं, महिन्याला पैसे भरून, आणि तेही दुसऱ्याला ऐकवायला! मार्च २०२० मध्ये याच वाटेने खोकल्याचा आवाज आणि कोरोनाची सूचना देशातल्या प्रत्येक कॉलआधी वाजायला लागली. पुढे त्या जागी अमिताभ बच्चन आले. अँब्युलन्सला फोन लावतानाही ते ऐकायला लागतं म्हणून लोक चिडले होते, आठवत असेल.

माझी अडचण अशी की कॉलर ट्यून १८३ ने येते, आणि 'ही व्यक्ती दुसऱ्या कॉलवर व्यस्त आहे' ही घोषणाही १८३ नेच येते. पहिल्यात फोन वाजत होता, दुसऱ्यात नव्हता. दोन्हींचा शेवट ४८६. माणसाच्या कानाला फरक एका सेकंदात कळतो, माझ्या डायलरला फक्त आकडे दिसतात. भूषण यांनी आकडा यंत्रासाठी आणि मजकूर माणसासाठी ठेवला होता. पन्नास वर्षांनी खरी माहिती पुन्हा त्या मजकुराच्या बाजूला जाऊन बसली होती, तीही आवाजात.

नकाराचा हा गुंता फक्त माझाच नव्हता हे नंतर वाचलं. अमेरिकेत यंत्रांनी लावलेल्या फोनचा इतका सुळसुळाट झाला की शुल्झरिन यांनीच, आता तिथल्या दूरसंचार नियामकाच्या वतीने, जुलै २०१७ मध्ये नवा आकडा आणला: ६०७ 'अनवाँटेड'. ६०३ म्हणजे 'आत्ता नको'. ६०७ म्हणजे 'हा फोन मला नकोच होता, आणि हे माझ्या कंपनीलाही कळू दे', म्हणजे फोनवरच्या 'स्पॅम' बटणामागचा आकडा. सुरुवातीच्या मसुद्यात तो ६६६ होता, बायबलमधला सैतानाचा आकडा! पुढे यादीतला मोकळा ६०७ घेतला. मग उलटी तक्रार आली. कंपन्यांची यंत्रं संशयावरून फोन अडवायला लागली, आणि त्यात दवाखान्याचे, शाळांचे फोनही अडकणार हे उघड होतं. अडवलेल्याला कळणार कसं की माणसाने नाही, यंत्राने नको म्हटलंय? म्हणून डिसेंबर २०१९ मध्ये ६०८ 'रिजेक्टेड' आला. याच्यासोबत दाद कुठे मागायची तो पत्ता, सहीशिक्क्यासकट, पाठवायची सोय आहे. नकाराबरोबर अपिलाचा पत्ता देणारा दुसरा आकडा माझ्या पाहण्यात नाही. आमच्या ट्रंकवर मात्र ६०७ किंवा ६०८ मी अजून एकदाही बघितलेला नाही. लाल बटण आजही ४८६ च म्हणतं.

तर सोमवारी मी जो कोड चढवला तो असा: १८० नंतर ४८६ आला तर नकार समजायचा, त्या दिवशी परत फोन नाही. १८३ नंतरचा किंवा नुसता ४८६ असेल तर एक तासाने, मग तीन तासांनी. आणि एका दिवसात तीनदा ४८६ आला, मग आधी काहीही येवो, तर मामासारखं वागायचं आणि थांबायचं. शिवाय लॅबला सांगून रेकॉर्डिंगच्या सुरुवातीला 'हे फोन नको असतील तर ९ दाबा' घालून घेतलं, पण ते दाबायला आधी फोन उचलावा लागतो, हे मला कळतं.

कोड रिव्ह्यूमध्ये आमच्या लीडने त्या ओळीवर शेरा मारला: 'हा तीन आकडा कशावरून?' आरएफसीतलं काहीतरी दाखवता येईल का म्हणून मी पुन्हा शोधलं, पण तिथे तसं काही नाही. शेवटी ते रेकॉर्डिंग त्याला पाठवलं. दहा मिनिटांनी मर्ज झाल्याची मेल आली.